सवयीचा धूर

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी वाईच्या आवारात अकरा गाड्या उभ्या होत्या. छाया काळंगे जवळून गेली तशी प्रत्येक गाडी तिला म्हणाली, "शुभ सकाळ. सर्व काही ठीक." छायाने एकीलाही उत्तर दिलं नाही. स्वतःच स्वतःला ठीक म्हणवून घेणाऱ्याचा भरवसा तिने माणसांच्या बाबतीतही कधी धरला नव्हता, मग ही तर यंत्रं.

'डोंगरवाट' कंपनीच्या या राहत्या गाड्या. पुढे ड्रायव्हरची केबिन, मधे सरकतं दार, मागे चार जणांना झोपायची सोय, ओटा, गॅस, छोटंसं न्हाणीघर. हॉटेलांना कंटाळलेले लोक गाडी भाड्याने घेत, बायकापोरांना भरत आणि जिथे डोळ्यांना बरं वाटेल तिथे मुक्काम ठोकत. गाडी बाहेर पडण्याआधी तिच्यातली सुरक्षेची साधनं तपासायची, हे छायाचं काम. आग विझवायच्या लाल नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे ना, संकटकाळी ढकलायची खिडकी खरंच ढकलली जाते ना, गॅसच्या नळीच्या सांध्यावर साबणाचा फेस लावला तर बुडबुडा येतो का. आधी बावीस वर्षं तिने गॅस एजन्सीत हेच केलं होतं. आता वयाची पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण गाडीखाली शिरायचं ती दुसऱ्या कुणावर सोपवत नसे.

आणि शेवटी छतावरची ती पांढरी चकती. कंपनीच्या कागदांत तिचं नाव 'घ्राणक', म्हणजे वास ओळखणारं यंत्र. आवारात तिला सगळे नाकोबा म्हणत.

नाकोबा येण्याआधी गाड्यांत साधे धूरसूचक होते. ते इमानदार होते पण मूर्ख होते. फोडणीत मोहरी तडतडली की बोंब, पापड भाजला की बोंब. मग लोक काय करायचे? कुणी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायचं, कुणी त्याची बॅटरी काढून पोराच्या खेळण्यात घालायचं. एकदा तर छायाला तो सूचक लोकरी मोज्यात गुंडाळून गादीखाली दडपलेला सापडला होता. माणसाला वाचवायला आलेल्या वस्तूची माणूस अशी गत करतो, हे बघून ती खूप चिडली होती. म्हणून नाकोबा आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. हे यंत्र शिकणारं होतं. हवेतले शंभरेक वायू ते वेगवेगळे ओळखायचं, शंका आली की ओरडायचं आणि मग विचारायचं: धोका आहे, की नेहमीचं आहे? माणसाने 'नेहमीचं' हे बटण दाबलं की ते लक्षात ठेवायचं. आणि एका नाकोबाने शिकलेलं रोज संध्याकाळी बाकीच्या सगळ्या नाकोबांना कळायचं. वर्षभरात त्याला फोडणी आणि आग यांतला फरक नीट कळू लागला. त्याला मोज्यात कोंबायचं आता कुणाच्या मनात येत नव्हतं.

बारावी गाडी दुपारी आली. ती स्वतःच्या चाकांवर आली नाही, ट्रकच्या पाठीवर आली. बावीस नंबर.

शनिवारी ही गाडी तापोळ्याच्या पुढे पाण्याकाठी उभी होती. फलटणचं कुटुंब होतं. ऋतुजा, तिचा नवरा प्रणव, पाच महिन्यांचा ओजस आणि ऋतुजाची आई शालन. थंडी कडाक्याची होती. संध्याकाळी शालनने नातवाला धुरी दिली. घरी रोज द्यायची तशीच. लहानशा लोखंडी शेगडीत निखारे, त्यावर ऊद, ओवा, वावडिंग. नंतर निखाऱ्यांवर राख सारली आणि तेवढीच ऊब राहील म्हणून शेगडी टेबलाखाली सरकवली. खिडक्या बंद होत्या. साडेनवाच्या सुमारास पोर किरकिरायला लागलं. दिवसभर गाडी हाकून जावई दमलेत, पोरगीही दमलीय, झोपू दे दोघांना, असं म्हणून शालन त्याला घेऊन पुढच्या केबिनमध्ये गेली. जाताना मधलं दार लावून घेतलं. केबिनची काच दोन बोटं उघडी होती. आजी आणि नातू वाचले. सकाळी चहा करायला तिने मधलं दार सरकवलं, तेव्हा मागचे दोघे कधीच उठणार नव्हते.

पोलिसांनी शेगडी नेली होती. गाडी मात्र 'आमचं काम झालं' म्हणून परत दिली होती. कारण स्पष्टच होतं. राखेखाली धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला तो हळूच आणखी खोल झोपवतो. हे गाडीच्या दारावर चित्रासकट लिहिलेलं होतं.

छायाला एवढंच कळत नव्हतं की नाकोबा ओरडला का नाही. शुक्रवारी तिने स्वतः ही गाडी तपासली होती. तिच्याकडे परीक्षण-वायूची छोटी बाटली असायची. तिच्यात मोजून भरलेला हाच वायू. चकतीखाली धरून एक फवारा मारायचा, की चकतीने ओरडायचं. शुक्रवारी ती कान फुटेस्तोवर ओरडली होती. तिच्या वहीत तशी नोंद होती, खाली तिची सही होती. दोन रात्री तिला झोप नव्हती.

ती बावीस नंबरात शिरली. टेबलाखाली फरशीवर शेगडीच्या चार पायांचे काळे ठसे होते. ओट्यावर दुधाची बाटली तशीच. ती आधी नुसती उभी राहिली. मग छतावरची चकती काढून तिने टॅबलेटला जोडली आणि शनिवारची नोंद उघडली.

संध्याकाळी ७:१०. कार्बन मोनॉक्साइड ४०. धूप. परिचित.

रात्री ८:३०. १३०. धूप. परिचित.

९:३०. १९०. धूप. परिचित.

सत्तरच्या पुढे आकडा तासभर राहिला तर या यंत्राने गाव गोळा करायला हवं होतं. छायाने बोट खाली सरकवलं. अकरा वाजता ४६०. परिचित. दोन वाजता ८२०. परिचित. शेवटची नोंद पहाटे सहाची होती: "शुभ सकाळ. सर्व काही ठीक."

छाया पायरीवर बसली. चकतीला सगळं कळत होतं. रात्रभर ती मोजत होती आणि गप्प होती.

'धूप' हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. मग तिला खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला आवारात गाड्यांची आणि हत्यारांची पूजा असायची. पाने, पक्कड, छायाचा हातातला वायुमापक, परीक्षण-वायूची बाटली, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. एकदा हत्यार पुजलं की दसऱ्याला ते उचलेपर्यंत हात लावायचा नाही, हा आवाराचा कडक रिवाज होता, आणि तो पाळण्यात छाया सगळ्यांच्या पुढे. मग गाडीगाडीत धुपाटणं न्यायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि धूप पाच मिनिटं आत कोंडायचा, म्हणजे वर्षभराची इडापिडा बाहेर. पहिल्या वर्षी अडतीस गाड्यांतले अडतीस नाकोबा एकदम बोंबलले. कुत्री पळाली, गुरुजी मंत्र विसरले, सगळे पोट धरून हसले. छायाने टॅबलेट घेतला. पडद्यावर प्रश्न होता. तिने 'नेहमीचं' दाबलं. खाली दुसरं बटण होतं: 'सर्व गाड्यांना लागू'. तेही दाबलं. आत खरंच किती वायू साठलाय हे बघायला तिचा मापक होता, पण तो पाटावर होता, झेंडूच्या फुलांखाली.

दुसऱ्या वर्षी निम्मेच बोंबलले. तिने पुन्हा दाबलं. यंदा एकही ओरडला नाही. अडतीस गाड्या गोड आवाजात म्हणाल्या, "धूप. परिचित. दसऱ्याच्या शुभेच्छा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. छायानेही वाजवल्या. लेकराला पाढा पाठ झाल्यावर वाटतो तसा अभिमान तिला वाटला होता.

बुधवारी सकाळी तिने आवारातलं धुपाटणं काढलं. नऊ नंबरची गाडी निवडली, टेबलावर निखारे ठेवले, वर मूठभर धूप टाकला. आपला मापक आत खिडकीपाशी टांगला, दार लावलं आणि बाहेर काचेशी उभी राहिली. पंधराव्या मिनिटाला मापक केकाटू लागला. आकडा शंभर, मग दोनशे, मग तीनशे. काचेतून नाकोबाचा आवाज आला, "धूप. परिचित. शुभ सकाळ."

तिने ओढणी तोंडाला बांधून दार उघडलं, गाडीतली हवा वाहती केली. मग त्याच चकतीखाली परीक्षण-वायूचा फवारा मारला. चकती जिवाच्या आकांताने ओरडली. नुसता वायू असला की तिला धोका कळत होता. धुपात मिसळून आला की तो घरचा वाटत होता. आणि छायाच्या बाटलीत धूप नव्हता. दर महिन्याची तिची तपासणी खरी होती आणि बिनकामाची होती.

तिने घ्राणक बनवणाऱ्या कंपनीला पुण्यात फोन लावला. वरदा नावाची अभियंता बोलायला आली. आवाजावरून तिशीची असावी. छायाने सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला.

"ताई, मर्यादा होती हो," वरदा शेवटी म्हणाली. "पण ती कडक ठेवली तर लोक यंत्रच काढून टाकतात, म्हणून थोडी लवचीक होती. पहिली दोन वर्षं दसऱ्याला ती ओलांडली गेली आणि प्रत्येक वेळी माणसाने सांगितलं की हे ठीक आहे. शेकडो आवारांतून. यंत्राने मर्यादा सरकवत नेली."

"शेकडो? म्हंजी एकटं आमचं आवार न्हाई?"

"नाही. पण पहिली नोंद तुमची आहे. बाकीच्यांना ती शिकूनच मिळाली."

छायाने ते वहीत लिहून घेतलं. मग तिने विचारलं, "आणि हे शिकलेलं कुठंकुठं गेलंय?"

"सामायिक स्मरण आहे. सगळीकडे," वरदा म्हणाली. "मी वर कळवते. गाड्यांसाठी दुरुस्ती शुक्रवारपर्यंत पाठवू."

आज बुधवार होता आणि नाताळच्या सुट्टीमुळे सव्वीस गाड्या रस्त्यावर होत्या.

व्यवस्थापक सारंग दीक्षित हा वाईट माणूस नव्हता. छायाच्या पोरीच्या लग्नात तो पंगतीत वाढायला उभा राहिला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि टेबलावरचा करार तिच्यापुढे सरकवला.

"नियम नऊ, छायाताई. गाडीत निखारे पेटवू नयेत. त्यांची सही आहे. चूक त्यांची आहे."

"चूक त्यांची हायच की. पण अशा चुकांसाठीच तर ते नाक लावलंय, साहेब. माणूस चुकणारच न्हाई म्हटल्यावर नाक कशाला पायजे?"

"शुक्रवारी दुरुस्ती येतेय ना? दोन दिवसांसाठी सगळ्यांना घाबरवायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि ते बटण कुणी दाबलं ते नोंदीत नावानिशी आहे. काळंगे छाया. पोलीस ते विचारणार नाहीत, कारण त्यांना ते माहीतच नाही. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

त्यात खोटं काहीच नव्हतं. छायाला भीती वाटली, अगदी उघडी भीती. दोन माणसं मेली होती आणि कागदावर नाव तिचं होतं. ती गप्प बसली असती तर हे सगळं फलटणच्या त्या बाईच्या डोक्यावर गेलं असतं. आत्ताच गेलं होतं. वर्तमानपत्रात मथळा होता, 'आजीच्या शेगडीने घेतला लेक-जावयाचा बळी'.

"गाड्यांचे नंबर द्या," ती म्हणाली. "मी फोन करते. तुम्ही केले न्हाई, मीच केले, असं सांगा पायजे तर."

दुपारपर्यंत तिने सव्वीस फोन केले. "गाडीत निखारे, धूप, उदबत्ती, काय म्हणजे काय पेटवू नका. दोन्ही बाजूंची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. नाकावर इसंबून राहू नका." कुणी आभार मानले. कुणी हसलं, "ताई, आम्ही देवधर्म करायला नाही आलो." कोयनेकडच्या एका गाडीतला माणूस सहज म्हणाला, "डासांसाठी काल निखाऱ्यावर कडुलिंब टाकला होता बघा. आज सगळ्यांचंच डोकं जड झालंय. थंडीने असेल." छायाने त्यांना फोन चालू ठेवूनच गाडीतून बाहेर काढलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठेवला नाही. पाचही जण वाचले. तिला रडू आलं, पण ते आनंदाचं होतं की कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी तिने चार पानांचा जबाब स्वतःच्या हाताने लिहून पोलिसांत दिला. बटणासकट. शुक्रवारी गाड्यांची दुरुस्ती आली. सोमवारी तिला कामावर येऊ नका असा निरोप आला.

अकराव्या दिवसानंतर ती फलटणला गेली. फोन न करताच गेली, कारण फोनवर 'येऊ का' असं विचारलं असतं तर नाही म्हटलं गेलं असतं. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत ऋतुजा आणि प्रणवचा फोटो, हार घातलेला. शालनची नणंद दार उघडायला आली, मागे दोघीतिघी बायका बसलेल्या. कुजबूज थांबली. शालन भिंतीला टेकून बसली होती, साठीची, अंगाने बारीक. पोर तिच्या मांडीवर नव्हतं. नणंदेच्या सुनेने घेतलं होतं. का, ते छायाच्या लक्षात आलं. आता त्या घरात शालनच्या हातात पोर द्यायला कुणी धजत नव्हतं.

"मी वाईवरनं आले. गाडी मी तपासली होती," छाया म्हणाली.

शालनने मान वर केली. "तुमची काय चूक न्हाई बाई. शेगडी मीच ठिवली."

"आधी ऐका."

मग छायाने सगळ्यांच्या देखत सांगितलं. खंडेनवमी, अडतीस गाड्या, बटण. काहीही गाळलं नाही. पाटावरचा मापकसुद्धा सांगितला. "शेगडी तुमची होती. पण ओरडणाऱ्याला गप मी केलं. हे पोलिसांना लिहून दिलंय. तुम्हाला तोंडानं सांगायचं होतं."

शालन तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत माफी नव्हती. राग होता का, तेही छायाला कळेना.

"त्याला कळत व्हतं का?" शालनने विचारलं.

"कुणाला?"

"त्या यंत्राला. आत काय चाललंय त्ये."

खोटं बोलणं सोपं होतं. छायाने खोटं सांगितलं नाही. "व्हय. सकाळपर्यंत कळत होतं. तासातासाला लिहून ठेवलंय."

शालनने डोळे मिटले. दोन्ही तळहात जमिनीला टेकवून ती थोडी पुढे झुकली. नणंद उठून तिच्याजवळ आली आणि पहिल्यांदाच तिच्या पाठीवर हात ठेवला. मग काहीतरी करायला हवं म्हणून असेल, सवयीने असेल, तिने फोटोपुढच्या वाटीतली धूपकांडी पेटवली. पांढऱ्या धुराची रेघ वर गेली.

स्वयंपाकघरातून एक गोड आवाज आला.

"धूप. परिचित. शुभ दुपार."

छाया ताडकन उठली. स्वयंपाकघराच्या छताला, ओट्याच्या वर, पांढरी चकती होती. तीच. गाड्यांची दुरुस्ती शुक्रवारी आली होती, घरांची नाही. 'सगळीकडे' असं वरदा म्हणाली होती, आणि छायाच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त गाड्या आल्या होत्या. तिने मागे वळून पाहिलं. बाहेरच्या खोलीच्या खिडक्या थंडीमुळे लावलेल्या होत्या. नणंदेच्या सुनेच्या कडेवर ओजस धुराच्या रेघेकडे बघत होता.

शालनही दारात येऊन उभी राहिली होती. तिने चकतीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, जिथे समोरच्या इमारतीत एकावर एक सहा स्वयंपाकघरं दिसत होती. मग छायाकडे.

"बाई," ती म्हणाली, "ह्ये पण तुमच्याच बटणाचं हाय का?"